कोरियन सिनेमात हुकूमशहा दिसतो. गोळी झाडणारा कुठे जातो?

कोरियन मालिका आता मराठी घरांत नव्या राहिलेल्या नाहीत. पाऊस, छत्री, लाजरा नायक आणि वाफाळत्या नूडल्स हे सगळं आपल्या ओळखीचं झालंय. याच देशात, म्हणजे दक्षिण कोरियात, 1987 पर्यंत लष्करशहांचं राज्य होतं आणि पोलीस कोठडीत विद्यार्थी मरत होते, हे मालिका बघून कळत नाही. चित्रपट बघून मात्र कळतं. आपल्याच सरकारनं आपल्याच माणसांवर केलेल्या अत्याचारांवर एवढे चित्रपट काढणारे देश थोडे, आणि ते चित्रपट तिकीटबारीवर तुडुंब चालणारे देश तर त्याहून थोडे.

हे कसं घडलं ते पाहू. या चित्रपटांनी काय दाखवलं आणि काय हळूच बाजूला सारलं, तेही पाहू. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी थोडा इतिहास. 16 मे 1961 ला जनरल पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. 1972 मध्ये त्यांनी राज्यघटनाच बदलून टाकली. राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक बंद झाली, संसदेचे एक तृतीयांश सदस्य त्यांच्या मर्जीतले आणि वाटेल तेव्हा हुकूम काढण्याची मुभा. आपली आणीबाणी 21 महिने चालली, ही व्यवस्था सात वर्षं. शेवटी 26 ऑक्टोबर 1979 च्या रात्री जेवणाच्या बैठकीत त्यांच्याच गुप्तचर खात्याच्या प्रमुखानं, किम जे-ग्यूनं, त्यांना गोळी घातली.

आता लोकशाही येईल असं लोकांना वाटलं. पण 12 डिसेंबर 1979 ला मेजर जनरल चुन डू-ह्वान यांनी लष्करातल्या आपल्या खासगी कंपूच्या जोरावर लष्करप्रमुखांनाच अटक केली. 17 मे 1980 ला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, देशभर लागू झाला. दुसऱ्या दिवशी ग्वांगजू या दक्षिणेतल्या शहरात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर छत्रीधारी सैनिक सोडण्यात आले. दंडुके, संगिनी, आणि 21 मे रोजी प्रांतिक कचेरीसमोर जमलेल्या गर्दीवर सरळ गोळीबार. लोकांनी पोलीस ठाण्यांतली शस्त्रं उचलली, सैन्य शहराबाहेर हटलं आणि काही दिवस शहर नागरिकांनीच चालवलं. दवाखान्यांत रक्तदानाला रांगा लागल्या, बायका भाताचे गोळे वळून वाटत होत्या. 27 मे च्या पहाटे सैन्य परत आलं आणि सगळं संपलं. अधिकृत नोंदीत दीडशेहून जास्त नागरिक मेले, कित्येक बेपत्ता झाले. घरच्यांचा त्या आकड्यांवर कधीच विश्वास बसला नाही. बाकीच्या देशाला मात्र सांगण्यात आलं, की कम्युनिस्टांनी चिथावलेली दंगल होती.

हे पडद्यावर यायला किती वर्षं लागली? भूमिगत पातळीवर नऊ, चित्रपटगृहात सोळा.

सेन्सॉरची कात्री कुठे चालायची

सेन्सॉर म्हटलं की तयार चित्रपटातली दृश्यं कापणारा बाबू डोळ्यांपुढे येतो. हुकूमशाहीत कात्री त्याच्या फार आधी चालते. कोरियात पटकथाच तपासून घ्यावी लागे, मग चित्रपट पुन्हा तपासला जाई. 'एमलेस बुलेट' नावाच्या 1961 च्या चित्रपटात युद्धानं वेडी झालेली एक म्हातारी सारखी 'चला, जाऊ या' असं ओरडत असते. चित्रपट लागल्यानंतर महिन्याभरात उठाव झाला आणि या बाईला उत्तर कोरियात तर जायचं नाही ना, अशी शंका काढून त्यावर बंदी आली. ली मान-ही या दिग्दर्शकाला 1965 मध्ये कम्युनिस्टविरोधी कायद्याखाली अटक झाली, कारण त्याच्या चित्रपटातले उत्तर कोरियाचे सैनिक माणसांसारखे वागत होते.

चुन यांनी आणखी चतुर मार्ग काढला. राजकारणावर कात्री कडक ठेवली आणि अंगप्रदर्शनावर सैल सोडली. 1982 मध्ये रात्रीची संचारबंदी उठली, व्यावसायिक बेसबॉल सुरू झालं आणि त्याच वर्षी 'मादाम एमा' नावाच्या शृंगारिक चित्रपटाला मध्यरात्रीच्या खेळांना गर्दी लोटली. लोक तेव्हाच या धोरणाला नाव ठेवून मोकळे झाले होते: सेक्स, स्पोर्ट्स, स्क्रीन. बंदी घालण्यापेक्षा दुसरीकडे रमवणं स्वस्त पडतं, हे त्या सरकारला नेमकं कळलेलं होतं.

ही कोंडी फोडली ती परवान्याशिवाय चित्रपट काढणाऱ्या पोरांनी. 'जांगसान्गोतमे' नावाच्या गटानं 1989 मध्ये ग्वांगजूवर 'ओ! ड्रीम नेशन' हा चित्रपट 16 मिलिमीटरवर काढला आणि तपासणीला न पाठवताच दाखवायला सुरुवात केली. त्यांच्यावर खटले भरले गेले. पुढच्या वर्षी याच गटाच्या कामगार संपावरच्या चित्रपटाचा खेळ रोखायला ग्वांगजूच्या विद्यापीठात दंगलविरोधी पोलिसांच्या तुकड्या गेल्या, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. एका चित्रपटाच्या खेळासाठी! याच गटावरचे खटले पुढे घटना न्यायालयात पोचले आणि ऑक्टोबर 1996 मध्ये चित्रपटांची पूर्वतपासणीच घटनाबाह्य ठरली. आज जगभर जे कोरियन चित्रपट गाजतात त्यांच्या यशाचं श्रेय मोठ्या कंपन्यांना आणि सरकारी धोरणाला दिलं जातं. त्यात चूक नाही, पण हा निकाल त्या यादीत सहसा नसतो. तो असायला हवा.

हात

ग्वांगजू पहिल्यांदा मुख्य प्रवाहाच्या पडद्यावर आलं ते 1996 च्या 'अ पेटल' मध्ये. दिग्दर्शक जांग सन-वू. गोळीबारात आईला गमावलेली एक मुलगी भ्रमिष्ट होऊन भटकतेय आणि ज्या मजुराच्या मागे ती जाते तोही तिच्यावर अत्याचारच करतो. मोर्चाचं दृश्य ग्वांगजूच्या त्याच हमरस्त्यावर शहरातल्याच लोकांना घेऊन चित्रित झालं. चित्रपट बघणं अवघड आहे. त्या मजुराचा राग येतो, आणि मग लक्षात येतं की तो सैनिक नाही, सरकारी माणूसही नाही. सरकारनं सुरू केलेली हिंसा त्याच्यापर्यंत कशी झिरपली, हे आपल्यालाच शोधावं लागतं.

1 जानेवारी 2000 ला ली चांग-डोंग यांचा 'पेपरमिंट कँडी' लागला. या विषयावर एकच चित्रपट बघायचा असेल, तर मी हा सांगेन.

तो उलटा चालतो. सुरुवातीला 1999 चा वसंत. नदीकाठी जुन्या मित्रमैत्रिणींची सहल, आणि यंग-हो नावाचा उद्ध्वस्त झालेला माणूस रेल्वेच्या पुलावर चढून समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून किंचाळतो, की मला परत जायचंय. मग चित्रपट खरंच मागे जातो, सात टप्प्यांत वीस वर्षं. आधी दिवाळखोर माणूस, मग त्याआधीचा बायकोला फसवणारा धंदेवाईक, त्याआधीचा पोलीस. 1987 मध्ये तो सराईतपणे एका विद्यार्थ्याला पाण्यात बुडवून छळतो. त्या मुलाच्या डायरीत लिहिलेलं असतं, की आयुष्य सुंदर आहे. यंग-हो त्याला विचारतो, तुला खरंच असं वाटतं का? सात वर्षांनी एका खानावळीच्या स्वच्छतागृहात दोघांची गाठ पडते, तो मुलगा आता बाप झालेला असतो. 1984 मध्ये यंग-हो पोलिसात नवा असतो आणि पहिल्यांदा कुणाला तरी मारतो. त्या माणसाची घाण त्याच्या हाताला लागते. तो हात धूत राहतो. त्याच दिवशी त्याची जुनी प्रेयसी भेटायला येते. तुझे हात चांगल्या माणसाचे आहेत, असं ती म्हणते. तो तिच्या डोळ्यांदेखत त्याच हातानं खानावळीतल्या मुलीशी घाणेरडं वागतो, म्हणजे ती निघून जाईल.

आणि मग मे 1980. यंग-हो सक्तीच्या लष्करी सेवेतला पोरगेला शिपाई. प्रेयसीनं एकेका पत्रासोबत पाठवलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या त्यानं जपून ठेवलेल्या असतात. निघायचा हुकूम येतो, त्या धांदलीत गोळ्या जमिनीवर सांडतात आणि बुटांखाली चिरडल्या जातात. ग्वांगजूच्या रेल्वे यार्डात पायाला गोळी लागून तो मागे राहतो. अंधारात एक शाळकरी मुलगी भेटते, तिला घरी जायचं असतं. तो तिला पळ म्हणतो. त्याचे साथीदार जवळ येत असतात, म्हणून तिला हुसकावायला तो बंदूक झाडतो आणि गोळी तिलाच लागते.

या चित्रपटात चुन डू-ह्वान कुठेही नाही. भाषण नाही, झेंडा नाही, कट नाही. हुकूम देणारे पडद्याबाहेर, आणि आपण वीस वर्षं त्या हातांच्या सहवासात, ज्यांनी हुकूम पाळला. त्याला माफ करावंसं वाटतं, मग लगेच वाटतं की छळ झालेल्या त्या विद्यार्थ्याच्या वतीनं माफ करणारे आपण कोण? ली चांग-डोंग या प्रश्नातून सुटका करून देत नाहीत. हा दिग्दर्शक 2003 मध्ये देशाचा संस्कृतीमंत्री झाला, ही कोरियाच्या बदलाची आणखी एक खूण.

बोंग जून-हो यांनी 'मेमरीज ऑफ मर्डर' (2003) मध्ये हीच गोष्ट गुन्हेपटाच्या आडून सांगितली. 1986 पासून एका ग्रामीण भागात बायकांचे खून पडतायत. पोलीस संशयितांना बदडून कबुलीजबाब लिहून घेण्यात पटाईत, पण नेमकी ज्या रात्री कुमक हवी त्या रात्री ती मिळत नाही, कारण सगळे पोलीस मोर्चा दडपायला गेलेले असतात. हे खून खरंच घडले होते, आणि खरा खुनी 2019 मध्ये सापडला. त्याच्याच एका खुनासाठी दुसराच एक माणूस वीस वर्षं तुरुंगात राहून आला होता, आणि 2020 मध्ये न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं. बोंगनी चित्रपट काढला तेव्हा यातलं काहीच बाहेर आलेलं नव्हतं.

छळाकडे थेट बघणारा चित्रपट म्हणजे 'नॅशनल सिक्युरिटी' (2012). लोकशाहीवादी कार्यकर्ते किम गन-ते यांना 1985 मध्ये सोलच्या नाम्यंग-डोंग इथल्या पोलिसांच्या इमारतीत पाण्यानं आणि विजेनं छळलं होतं. दिग्दर्शक चुंग जी-यंग जवळजवळ पूर्ण वेळ त्या एका खोलीतून बाहेर पडत नाहीत. छळणारे मध्येच बेसबॉलचा सामना ऐकतात, घरच्या अडचणी बोलतात. ती इमारत 1976 ची, देशातल्या नामांकित वास्तुविशारदानं आखलेली. पाचव्या मजल्याच्या खिडक्या डोकंही बाहेर जाऊ नये इतक्या अरुंद, आणि वर जायला गोल जिना, म्हणजे डोळे बांधलेल्या माणसाला आपण कितव्या मजल्यावर आहोत ते कळू नये. हे कागदावर कुणीतरी शांतपणे काढलं असणार, या विचारानं मला त्या छळाच्या दृश्यांपेक्षा जास्त शहारा आला होता.

मग गर्दी आली

2013 पासून चित्र पालटलं. 'द ॲटर्नी' हा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रो मू-ह्यन यांच्या वकिलीच्या दिवसांवर बेतलेला चित्रपट 1 कोटी 10 लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. 2017 मध्ये 'अ टॅक्सी ड्रायव्हर' 1 कोटी 20 लाखांच्या वर गेला. देशाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्या आतली, हे लक्षात घ्या.

'अ टॅक्सी ड्रायव्हर' युर्गेन हिंट्सपीटर या जर्मन कॅमेरामनची गोष्ट सांगतो. तो टोकियोहून आला, सोलच्या एका टॅक्सीत बसून ग्वांगजूत शिरला आणि बिस्किटांच्या डब्यात लपवून फिल्म बाहेर काढली. जगानं ग्वांगजू पाहिलं ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. चित्रपटातला टॅक्सीवाला राजकारणाची कटकट नको असलेला, भाड्याच्या आशेनं निघालेला, हसवणारा आणि मग डोळे उघडणारा माणूस. सोंग कांग-हो ती भूमिका इतकी छान करतो, की तो खोटा आहे असं वाटतच नाही. चित्रपट लागल्यावर खऱ्या टॅक्सीवाल्याचा, किम सा-बोक यांचा मुलगा पुढे आला. त्याचे वडील हॉटेलची गाडी चालवत, परदेशी बातमीदारांना ओळखत आणि आपण कुठे निघालोय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. 1984 मध्येच ते कॅन्सरनं वारले होते.

हा बदल किरकोळ नाही. लोकप्रिय चित्रपटाला असा नायक लागतो ज्याला आधी काहीच माहीत नसतं, म्हणजे प्रेक्षकही त्याच्यासोबत निरागस राहू शकतो. माहीत असून गेलेला माणूस आपल्याला अडचणीत टाकतो, कारण मग माहीत असून न गेलेल्यांचं काय, हा प्रश्न येतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला '1987 : व्हेन द डे कम्स' मला या गर्दीखेचक चित्रपटांत सर्वांत प्रामाणिक वाटतो. 14 जानेवारी 1987 ला पार्क जोंग-चोल हा विद्यार्थी त्याच नाम्यंग-डोंगच्या इमारतीत मेला. पोलीस म्हणाले, टेबलावर थाप मारली तर तो 'अक्' करून पडला. या चित्रपटाला एक नायक नाहीच. सरकारी वकील घाईच्या दहनाच्या कागदावर सही करत नाही, डॉक्टर बातमीदाराला सूचक काही बोलतो, तुरुंगाचा रखवालदार चिठ्ठी बाहेर नेतो, धर्मगुरू ती वाचून दाखवतात. जून महिन्यात ली हान-योल या विद्यार्थ्याच्या डोक्याला अश्रुधुराचं नळकांडं लागतं आणि रस्ते माणसांनी भरून जातात. 29 जूनला सरकारला थेट निवडणूक मान्य करावी लागली. प्रत्येकानं आपापल्या नोकरीच्या चौकटीत एकेक गोष्ट करायचं नाकारलं, एवढीच ती साखळी. यंत्रणा आतल्या माणसांच्या होकारावर चालते, हे इतकं सोपं करून दाखवणारा दुसरा चित्रपट मला आठवत नाही.

लोकशाही आली म्हणून सत्तेला चित्रपटांची भीती वाटायची थांबली, असं मात्र नाही. 2005 मध्ये पार्क चुंग-हींच्या हत्येवरचा उपहासपट आला तेव्हा त्यांच्या मुलानं दावा लावला आणि न्यायालयानं जवळजवळ 4 मिनिटांची खरी वृत्तदृश्यं काढायला सांगितली. दिग्दर्शकानं तिथे काळा पडदा ठेवून चित्रपट लावला. पार्क यांची मुलगी पार्क ग्युन-हे राष्ट्राध्यक्ष असताना कलावंतांच्या काळ्या याद्या तयार झाल्या. 2016 मध्ये बाहेर आलेल्या एका यादीत 9473 नावं होती आणि सोंग कांग-हो, बोंग जून-हो अशी मंडळीही त्या प्रकरणात निघाली. कात्री पुन्हा मागच्या दारानं आली होती: बंदी नाही, फक्त अनुदान नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये किम संग-सू यांचा '12.12 : द डे' आला. 12 डिसेंबर 1979 च्या रात्री चुन यांनी केलेल्या उठावाची नऊ तासांची गोष्ट. दिग्दर्शकानं शाळकरी वयात आपल्या घरातून त्या गोळीबाराचा आवाज ऐकला होता. शेवट सगळ्यांना ठाऊक, तरी 1 कोटी 30 लाखांवर लोक गेले, आणि तरुण पोरं घड्याळावरचे स्वतःच्या छातीचे ठोके समाजमाध्यमांवर टाकून चित्रपट बघताना किती संताप झाला ते दाखवत होती. बांधणी उत्तम आहे. संरक्षणमंत्री रात्रभर लपत फिरतो, वरिष्ठ अधिकारी कच खातात, आणि निर्लज्ज माणूस जिंकतो. पण टक्कल पडलेला, गडगडाटी हसणारा खलनायक एकदा समोर उभा केला, की सगळं पाप त्याच्या डोक्यावर ठेवून प्रेक्षक हलका होऊन घरी जातो. चौक्यांवर उभे असलेले शेकडो शिपाई इथे नुसती गर्दी आहेत.

वर्षभरानं, 3 डिसेंबर 2024 च्या रात्री, राष्ट्राध्यक्ष यून सक-योल यांनी टीव्हीवर येऊन मार्शल लॉ जाहीर केला. लोक संसदेकडे धावले, खासदार कुंपणावरून आत उतरले, रात्री एकच्या सुमारास 190 विरुद्ध 0 मतांनी तो हुकूम रद्द झाला. त्या रात्री इंटरनेटवर '12.12'चे दाखले फिरत होते. चित्रपटामुळे लोक धावले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण मार्शल लॉ म्हणजे काय हे विशीतल्या पोरांना समजावून सांगावं लागलं नाही, यात अशा चित्रपटांचा वाटा नक्की आहे. एप्रिल 2025 मध्ये यून यांना पदावरून काढताना घटना न्यायालयानं दोन कारणं नोंदवली ज्यांमुळे संसदेला वेळेत हुकूम रद्द करता आला: नागरिकांचा विरोध, आणि सैनिक-पोलिसांनी आपलं काम ढिलाईनं करणं. म्हणजे यंग-होच्या जागी उभ्या असलेल्या पोरांनी या वेळी हात आखडता घेतला. त्यांच्यावर अजून कुणी चित्रपट काढलेला मी पाहिलेला नाही, आणि मला तोच बघायचाय.

आणखी एक जागा रिकामी आहे. जेजू बेटावर 1948 पासून झालेल्या कत्तलीत 25 ते 30 हजार माणसं गेली असा सरकारी समितीचा अंदाज आहे. त्यावर 'जिसुल' नावाचा सुंदर कृष्णधवल चित्रपट झाला, 2013 मध्ये सनडान्स महोत्सवात गाजलाही. पण तिथेही बळी कोरियनच. व्हिएतनाम युद्धात कोरियानं तीन लाखांहून जास्त सैनिक पाठवले होते आणि तिथल्या गावांत त्यांनी बायकापोरं मारली. 2023 मध्ये सोलच्या न्यायालयानं अशा एका वाचलेल्या बाईला भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला. चुन डू-ह्वान स्वतः व्हिएतनाममध्ये एका रेजिमेंटचे प्रमुख होते, ग्वांगजूच्या दहा वर्षं आधी. पुढे 'नॅशनल सिक्युरिटी' काढणाऱ्या चुंग जी-यंग यांनीच 1992 मध्ये 'व्हाइट बॅज' या चित्रपटात त्या युद्धातून हात रंगवून आणि डोकं बिघडवून परतलेले कोरियन सैनिक दाखवले होते. टोकियोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. 'व्हाइट बॅज'ला आता तीस वर्षं उलटून गेली, आणि कोटीभर तिकिटं खपवणाऱ्या कोरियन चित्रपटांत व्हिएतनाममधलं ते गाव अजून आलेलं नाही.